शेवटच्या घरातलं नाव

मथुरा त्या संध्याकाळी फिलूमायला पेज द्यायला गेली होती, एवढंच. डब्यात उकड्या तांदळाची पेज, वर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा आणि झाकणात लोणच्याची फोड. डबा द्यायचा, गोळ्या घेतल्या की नाही बघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. घरी पुढच्या दोन खोल्यांत पुण्याचे पाहुणे उतरले होते आणि त्यांतल्या एका बाईला नारळ चालत नव्हता. मालवणात येऊन नारळ चालत नाही म्हणणाऱ्या बाईला काय करून घालायचं, ह्या विचाराने मथुरेचं डोकं आधीच उठलं होतं.

मथुरेची वाडी मालवणच्या उत्तरेला, समुद्राला अगदी चिकटून. घरं सगळी एका उतरत्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, कडेने आहेत. वरच्या टोकाला इगर्ज, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं देऊळ, आणि खालच्या टोकाला खडप. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा कातळ. बायका तिथे कालवं काढायला जातात. पाखाडी संपून खडप सुरू होतं तिथे चिऱ्यांचा, चुना फासलेला एक जुना खुरीस, म्हणजे क्रूस, उभा आहे आणि त्याच्या अलीकडचं शेवटचं घर मथुरेचं.

फिलूमाय, म्हणजे फिलोमेना फर्नांडिस, रोज सांजेला इगर्जीची घंटा झाली की ह्या खुरसापाशी यायची. मेणबत्ती लावायची आणि खडपाकडे तोंड करून वाडीतल्या माणसांची नावं मोठ्याने घ्यायची. हिंदू कोण, ख्रिस्ती कोण, असा काही भेद नाही. वरून खाली घरं जशी लागतात तशी नावं, आणि प्रत्येकासाठी देवाकडे काहीतरी मागणं. सुदेशाची होडी सुखरूप येऊ दे, सावित्रीची साखर उतरू दे, कौस्तुभ मास्तरांच्या मुलीचं लग्न जमू दे. लग्न होऊन आली तेव्हापासून मथुरा हे मागल्या दारातून ऐकत होती आणि तेव्हापासूनच तिला ह्याचा वैताग होता. वाडीची दुखणीखुपणी रोज नवी असल्यासारखी देवाला ऐकवायची, म्हणजे देवानेही कानात बोटं घालावीत.

आता फिलूमाय न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. कणकवलीला नेऊन सळई घातली, मुलगा कुवेतहून येऊन परत गेला, आणि म्हातारी खाटेवर. संध्याकाळची पेज मथुरेच्या वाट्याला आली होती.

"मथुरा, बस गो जरा. एक काम आसा," फिलूमाय म्हणाली.

"काम मगे. पेज गरम आसा, ती खा आधी."

"मी पडलंय तेवापासून खुरसाकडे कोण जाणा नाय. तू जा. नावा घे."

मथुरेने कपाळाला हात लावला. "मी? माका तुमची प्रार्थना येणा नाय, तेर्स नाय, लदिन नाय."

"ता काय नको. नुसती नावा घे. जल्मभर आयकलंस, तुका पाठ आसतली."

पाठ तर होतीच, तोच तर वैताग होता. मथुरा खाटेच्या कडेला बसली आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं. "फिलूमाय, एक सांग माका. आमच्याकडे गाऱ्हाणा घालतत. पण जेचा दुखणा, तो सोता नारळ घेवन देवळात येता. तू हंय, जेका पत्तोच नाय तेच्यासाठी मागत रवतंस. सुदेशाक ठावक तरी आसा?"

"तेका कित्याक ठावक व्हया?"

"बरा. आणि देवाक? देवाक ठावक नाय सुदेशाची व्हडी खंय आसा ती? तू सांगल्याबगर तेका कळणा नाय?"

फिलूमायने बांगड्याचा काटा काढून कडेला ठेवला. तिला घाई कशाचीच नसायची, हाही मथुरेला वैताग. "देवाक सगळा ठावक आसा," ती म्हणाली. "आपली हाक माणसापर्यंत पोचता, तंयसर आपणच मारूची. जंय पोचणा नाय, थंय तेका सांगूचा, बाबा, आता तू मार. येवढाच ता."

"येवढाच तर खाटीर बसान माग."

"हंयसून नाय चलणा. खडपाकडे आयकाक जावक व्हया."

देवाचं सोडून खडपाला कशाला ऐकू जायला हवं, हे मथुरेने विचारलं नाही. वय झालं की माणूस काहीबाही बोलतो. हो म्हटल्याशिवाय म्हातारी पेज संपवणार नाही हे तिला दिसलं आणि ती हो म्हणाली.

घंटा झाली तेव्हा मथुरा खुरसापाशी उभी होती. वाऱ्याने मेणबत्ती पेटेना, तिसऱ्या काडीला एकदाची पेटली. भरती सुरू झाली होती. खडपातून शेवाळाचा आणि उघड्या कालवांचा वास येत होता. तिने भराभर सुरुवात केली. इगर्जीकडचा जुझे आणि त्याची बायको, मग सुदेश, मग सावित्री, मग मास्तर. घरामागून घर उतरत ती स्वतःच्या घरापाशी आली आणि तिथे अडली.

कारण शेवटच्या घरातलं नाव तिच्या नवऱ्याचं होतं. मथुरेने जन्मात ते आपणहून तोंडाने घेतलेलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं, विनीतच्या, म्हणजे मुलाच्या लग्नात बायकांनी गळाच धरला तेव्हा घेतलं, आणि बस्स. शिरगणतीवाला दारात आला तेव्हा तिने शेजारच्या किशोरीला हाक मारून तिच्याकडून नाव सांगवलं होतं. सुना हल्ली नवऱ्याला नावाने हाका मारतात आणि नवरे ओ देतात, त्यांचं त्यांना लखलाभ. मथुरेची जीभ तिकडे वळत नव्हती.

"आणि आमच्यातले ते," ती म्हणाली. "तेंका बरे ठेव."

त्या क्षणी समुद्र थांबला. लाट मागे गेली आणि पुढची आलीच नाही. सगळं खडप गप्प झालं, आणि त्या गप्पपणात कुणीतरी अजून काही ऐकायला मिळेल म्हणून वाट बघतंय, असं मथुरेला उगाचच वाटून गेलं. मग लाट आली आणि ती घरी गेली.

घरात धोंडू, म्हणजे तिच्यातले ते, टीव्हीपुढे बसले होते. मुंबईच्या गोदीत उभी हयात काढून कान कामातून गेलेले. विनीतने कानातलं यंत्र घेऊन दिलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून धोंडू ते काढून टीव्हीजवळच्या फळीवर ठेवत.

"चाय घेतास?" मथुरेने विचारलं.

"नाय, आज भरती आसा," धोंडू म्हणाले.

हे असं दिवसभर. चहाला भरती, जेवायला चला म्हटलं की विनीतचा फोन. बोलून बोलून मथुरेचा घसा बसत असे आणि शेवटी ती दंडाला धरून उठवत असे.

मग रोजचंच झालं. घंटा, मेणबत्ती, नावं, आणि शेवटी "आमच्यातले ते". रोज त्या शेवटच्या शब्दांनंतर लाट अडे आणि रोज थोडी जास्तच अडे. एका सांजेला त्या शांततेत खालून बारीक आवाज आला. "आमच्यातले ते..." असं कुणीतरी म्हणून बघत होतं. हळू, शब्द चाचपत. मथुरेने ते पाण्यावर घातलं. कपारीत पाणी शिरलं की वाटेल ते ऐकू येतं. मात्र मेणबत्ती विझायची वाट न बघता ती वर आली.

फिलूमाय रोज विचारायची, "सगळी नावा घेतलंस?"

"घेतलंय गो बाये, घेतलंय."

त्यानंतर दोनेक दिवसांनी मथुरा ताटं मांडत होती तर धोंडू मागल्या दाराने आत आले. पायाला ओली वाळू. तोंडावर असं हसू, की मथुरा बघतच राहिली.

"मगाशी हाक मारलंस?" त्यांनी विचारलं.

"मी? दिसभर बोंबलतंय तेवा आयकाक येणा नाय, आणि आता न मारलेली हाक आयकलास?"

धोंडूंना यातलं काही ऐकू गेलं नाही. ते पाटावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "नावान मारलंस. बरा वाटला."

म्हातारा आता वेडाही होणार, मथुरा मनात म्हणाली. बहिरेपण काय कमी होतं. पण त्या रात्री तिला नीट झोप आली नाही, आणि का ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेज देताना तिने फिलूमायला हे हसत हसत सांगितलं. "आमच्याकडे नवीनच आयक. म्हाताऱ्याक आता हाका आयकाक येतत. मी म्हणे तेंका नावान हाक मारलंय."

फिलूमायचा चमचा तोंडाशी थांबला. "मथुरा, शेवटच्या घराकडे तू काय म्हणतंस?"

"म्हणतंय की. आमच्यातले ते, तेंका बरे ठेव."

"नाव नाय घेणस?"

"आता ह्या वयात माका घोवाचा नाव घेवक लावतंस? आमच्यातले ते म्हणजे कोण, ता देवाक कळणा नाय?"

"देवाक कळता गो," फिलूमाय हळू म्हणाली. "देवाचो प्रश्न नाय." तिने डबा बाजूला सारला. "घराकडे जा. आत्ताच्या आत्ता जा. डबो रवांदे."

मथुरा उठली ती रागानेच. सरळ काही सांगायचं नाही, नुसतं घाबरवायचं. पाखाडी उतरताना तिने म्हातारीला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. पण अर्ध्या वाटेवर वर इगर्जीची घंटा झाली, आणि आज खुरसापाशी कुणीच नाही हे तिच्या लक्षात आलं. मग तिचे पाय आपोआप पळायला लागले.

टीव्ही चालू होता. खुर्ची रिकामी. फळीवर कानातलं यंत्र होतं तसं पडलेलं, आणि मागलं दार सताड उघडं.

धोंडू खडपावर होते. पार पुढे, जिथे कालवं काढणाऱ्या बायकासुद्धा भरतीला जात नाहीत तिथे. अंगात लग्नाकार्याला घालायचा इस्त्रीचा सदरा, एका हाताने लुंगी वर धरलेली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं आणि ते जपून, एकेक दगड बघत, पुढे चालले होते.

आणि त्यांच्याही पुढून, नुसतं पाणी होतं तिथून, हाक येत होती.

"धोंडू..."

आवाज मथुरेचा होता. तिचा स्वतःचा, घोगरा, अनुनासिक आवाज. फक्त त्यात कटकट नव्हती. इतक्या मायेने मथुरेने नवऱ्याला कधी जेवायलाही बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर भीती तिला नंतर वाटली. आधी तिला राग आला, सवतीचा येतो तसला.

"इलंय गो, इलंय..." धोंडू म्हणत होते.

"आवो..." मथुरा खुरसापासून ओरडली. "आयकतास काय? मागे फिरा." ते ऐकणार कसे? यंत्र फळीवर. जो माणूस हातभरावरून विचारलेला चहा ऐकत नाही, तो हे कसलं ऐकतो? ती खडपावर उतरली, कालवांच्या शिंपांच्या धारेने तळपाय चिरला, दुसऱ्या पायाखाली शेवाळ आलं आणि ती गुडघ्यावर आपटली. तिला कळलं की ह्या पायांनी ती तिथवर पोचत नाही. पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं.

मग तिने नाव घेतलं. जीभ अडली, ओठ अडले, आणि मग घशातून ते फुटून बाहेर आलं. "धोंडू... ओ धोंडू..."

त्यांनी मान वळवली नाही. तिची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. दुसरी पोचत होती.

मथुरा रांगत मागे फिरली आणि खुरसाचा चिरा दोन्ही हातांनी धरला. ख्रिस्ती लोकांचं मागणं तिला येत नव्हतं. तिला येत होतं ते देवळातलं गाऱ्हाणं, आणि तेही पुरुषांनी घातलेलं ऐकून. तिने तेच घातलं. रडत नाही, भांडत.

"बा देवा म्हाराजा... तू आमचो की फिलूमायचो, माका ठावक नाय. कोण आसशीत तो आयक. तो माणूस बहिरो आसा. माझी हाक तेका पोचणा नाय. मी मारून मारून थकलंय. आता तू मार. तेचा नाव धोंडू. माझ्या घोवाचा नाव धोंडू. धोंडूक मागे हाड रे म्हाराजा." मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणी नव्हतं. ते तिने स्वतःच म्हटलं. "व्हय म्हाराजा..."

समोरून पुन्हा हाक आली, "धों..." आणि अर्ध्यावर तुटली.

लाटांचा आवाज एकदम कानावर आला. धोंडू कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. झोपेतून उठवल्यासारखं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली पाण्याकडे पाहिलं, मग वळले आणि धडपडत परत आले.

"हाक मारता मारता मधीच गप कित्याक रवलंस?" ते म्हणाले. "माका वाट गावाना."

मथुरेने त्यांचा दंड धरला. घरी आल्यावर त्यांचे पाय धुतले आणि यंत्र कानात इतक्या जोराने बसवलं की ते कळवळले. ते जिवंत कळवळत होते, हे तिला फार बरं वाटलं.

"काय आसा थंय?" दुसऱ्या दिवशी तिने फिलूमायला विचारलं.

"माका ठावक नाय. माझ्या आवशीक पण ठावक नाय होता," फिलूमाय म्हणाली. "तेका सोताचा नाव नाय, आवाज नाय. जेचा नाव कोण देवाकडे ठेवणा नाय, तेचा नाव ता उचलता. जो आवाज समोर इलो, तो घेता. तेच्या हाकेक दिलेली ओ पण तेचीच. माणूस गेलो की लोक म्हणतत, कालवांक गेलो, पाय घसारलो."

"म्हणजे माझो आवाज..."

"घेतल्यान," फिलूमाय म्हणाली. "तुझा नाव मी हंयसून घेतंय, मोठ्यान. कितपत पोचता कोण जाणा. माझ्यामागे कोणाक तरी सांग. आपला नाव आपण घेतलेला चलणा नाय."

"माझा काय अडलाहा," मथुरा म्हणाली. ती डबा उचलून निघाली.

फिलूमाय नाताळच्या आधी गेली. झोपेतच गेली, तोंडातल्या तोंडात नावं घेत. तिला वरच्या इगर्जीच्या आवारात पुरलं. मथुरा रोज खुरसापाशी जातच राहिली. आता ती शेवटचं नाव सगळ्यांत मोठ्याने घ्यायची आणि लाट अडत नव्हती. तिचं स्वतःचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. धोंडूंसाठी ती 'गो' होती, 'आयकलंस' होती, फार तर 'विनीताची आवस'. बायकोला नावाने हाक मारायची रीत त्या घरात नव्हतीच.

एका तिन्हीसांजेला ती बांगडे तळत होती.

"मथुरा..." मागल्या दाराबाहेरून धोंडूंनी हाक मारली.

"ओ..." तिच्या तोंडून निघालं, आणि निघतानिघताच तिची नजर पुढच्या खोलीत गेली. धोंडू खुर्चीत बसले होते. मान छातीवर, तोंड उघडं, घोरत. तिने ती ओ दातांखाली दाबली. अर्धी बाहेर गेली होती, अर्धी तिने गिळली. बांगडे कढईत करपून गेले तरी ती जागची हलली नाही. खडपावर 'इलंय गो, इलंय' म्हणणारा धोंडूंचा आवाज तिला आठवला.

तिने त्यांना उठवलं, यंत्र घालायला लावलं आणि सगळं सांगितलं. धोंडूंनी डोकं खाजवलं. "आवशीचो घोव," ते म्हणाले. "ह्या वयात माका बायलेचा नाव घेवक लावतंस? लोक हसतले."

"हसांदेत. उद्या माझ्यावांगडा चला."

दुसऱ्या दिवशी ते आले. कुरकुरत, पण इस्त्रीचा सदरा घालून. यंत्र कानात होतं. मथुरेने वरून खाली सगळी नावं घेतली, त्यांचं घेतलं आणि मागे सरकली. कुणी हाक मारली तर चुकून ओ जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट धरला.

धोंडू खुरसापुढे उभे राहिले. खडपाकडे तोंड करून त्यांनी घसा साफ केला.

"मथुरा," ते म्हणाले. "मथुरा तिचा नाव. कटकट खूप करता, पण माझा तिच्याशिवाय कोण नाय. तिका बरी ठेव रे म्हाराजा."

मथुरेच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांत तिला कधी वाटलं नव्हतं की आपलं नाव असं ऐकायला इतकं गोड असेल.

लाट मागे गेली आणि पुढची आली नाही. आणि खालून, कातळातून, मथुरेच्याच आवाजात खणखणीत उत्तर आलं. "ओ..."

धोंडू हसले. मागे न बघताच म्हणाले, "येवढ्या मोठ्यान ओ कित्याक देतंस गो? मी हंयच आसंय."

मथुरेच्या तोंडात पदराचा बोळा तसाच होता.